पायरिया: हिरड्या घरी कशा तपासाव्यात, उपचार कसे घ्यावेत

पायरिया सहसा दुखत नाही. किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस सकाळ झाली की दवाखाना गाठतो. हिरड्यांचा आजार मात्र वर्षानुवर्षे गुपचूप हाड पोखरतो आणि एखादा दात हलू लागला की मगच कळतो. तोवर त्या दाताभोवतीचे बरेचसे हाड गेलेले असते आणि गेलेले हाड बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून दुखण्याची वाट न पाहता हिरडी बघायला शिकले पाहिजे. ते आरशासमोर पाच मिनिटांत जमते.

आत काय घडते

दात घासल्यावर काही तासांतच त्यावर जंतूंचा चिकट थर बसू लागतो. हिरडीच्या कडेला दातावर नख हलकेच ओढा. नखाला जो पांढरट मऊ लगदा लागतो, तो हाच थर. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि एक-दोन आठवड्यांत त्याचे टणक कीटण बनते. हे कीटण कुठल्याही ब्रशने, पेस्टने किंवा दंतमंजनाने निघत नाही. लाळेच्या नळ्या जिथे उघडतात तिथे ते सर्वांत लवकर साचते: खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला.

या थरामुळे आधी हिरडी सुजते आणि तिच्यातून रक्त येते. ही झाली पहिली पायरी, आणि ती पूर्ण बरी होते. थर तसाच राहिला तर काही जणांत सूज खाली उतरते, हिरडीची दाताशी असलेली पकड सुटते आणि हाड झिजू लागते. यालाच आपण पायरिया म्हणतो.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटर खोल खाच असते. पकड सुटली की ती ४, ५, ७ मिलिमीटरपर्यंत खोल जाते. दातांचे डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात. ब्रशचे केस हिरडीखाली जेमतेम एक-दोन मिलिमीटर पोचतात. त्यामुळे पॉकेट एकदा खोल झाले की तळाशी बसलेले कीटण घरच्या कुठल्याही उपायाला सापडत नाही. घरचे काम कुठवर आणि डॉक्टरांचे कुठून, याची सीमा या मापावर ठरते.

महिन्यातून एकदा आरशासमोर

उजेड चांगला हवा. मोबाइलची बॅटरी चालेल, पण ती दुसऱ्याला धरायला सांगा. हात धुऊन घ्या आणि दात घासण्याआधी तपासा.

१. ओठ बोटाने वर-खाली करून हिरडीची कड पाहा. निरोगी हिरडीची कड पातळ असून दाताला चिकटून बसते. दोन दातांमधला तिचा त्रिकोण टोकदार असतो, आणि अनेकांच्या हिरडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात. सुजलेली कड जाड, गोलसर आणि चकचकीत होते, त्रिकोण फुगतो किंवा बोथट होतो. रंगावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या हिरड्यांवर मुळातच तपकिरी-काळे पट्टे असतात आणि ते आजाराचे लक्षण नाही. लाल किंवा जांभळट झालेली कड तेवढी महत्त्वाची.

२. बोटाचे टोक मुळाकडून दाताकडे, हिरडीवर दाबत आणा. कडेतून पिवळट थेंब आला तर तो पू आहे. इथे घरचे उपाय संपतात, डॉक्टरांना दाखवायचे.

३. दातांच्या फटींतून फ्लॉस (फटी साफ करायचा दोरा) किंवा बारीक फटींचा ब्रश फिरवा. कुठे रक्त येते, कुठे वास येतो, ते कागदावर लिहा: उजवी-डावी, वर-खाली, कितवा दात. पुढच्या महिन्यात याच कागदाशी ताडून पाहायचे आहे.

४. वरच्या पुढच्या दातांच्या हिरडीवर बोट ठेवा आणि दात हलके टेकवत राहा. एखादा दात बोटाला थरथरल्यासारखा लागला तर तो सैल होत आहे. दाढांसाठी दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवून आळीपाळीने दाबा. केसाइतकी हालचाल प्रत्येक दाताला असतेच; डोळ्यांना दिसेल इतकी हालचाल असू नये.

५. जुना फोटो काढा आणि हसून ताडून पाहा. दात लांब दिसू लागले, पुढे झुकले, पूर्वी नव्हती अशी फट पडली, तर हिरडी आणि हाड खाली सरकल्याची शंका घ्यावी.

सिगारेट, विडी किंवा मशेरीची सवय असेल तर रक्त आले नाही म्हणून निर्धास्त राहू नका. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हिरडी फिकट आणि घट्ट दिसते, रक्त कमी येते, आणि आत पॉकेट खोल होत जाते. भाजलेल्या तंबाखूची मशेरी हिरडीवर घासण्याची सवय गोव्यात आणि कोकणात आजही अनेक घरांत आहे, विशेषतः वयस्क बायकांत. तिने दात स्वच्छ होतात असे वाटते, पण तंबाखू हा दात घासण्याचा पदार्थच नव्हे. दातांच्या पेस्ट आणि मंजनांत तंबाखू वापरायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. सवय सोडल्यावर काही आठवडे हिरड्यांतून आधीपेक्षा जास्त रक्त येऊ शकते. रक्तपुरवठा पूर्ववत होत असल्याची ती खूण आहे. घाबरून पुन्हा मशेरीकडे वळू नये.

रक्त येते तिथेच जास्त घासायचे

ब्रशला रक्त लागले की बहुतेक जण त्या जागी घासणे सोडतात. तिथेच थर आणखी साचतो, सूज वाढते, रक्तही वाढते. करायचे ते नेमके उलट: त्या जागी मऊ ब्रशने, सावकाश, पण न चुकता घासायचे. आजार पहिल्या पायरीवर असेल आणि कीटण फार नसेल तर सात ते दहा दिवसांत रक्त कमी होते. दोन आठवडे नीट सफाई करूनही ते थांबत नसेल तर हिरडीखाली कीटण आहे असे धरून चाला आणि वेळ ठरवा.

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्या. कडक ब्रशने हिरडी सोलवटते आणि दाताच्या मानेला खाच पडते. थंड सोलकढी पिताना दात शिवशिवतात त्यामागे कित्येकदा हीच खाच असते. पेस्ट वाटाण्याएवढी, फ्लोराइडची. केस अर्धे हिरडीवर आणि अर्धे दातावर येतील असा ब्रश ४५ अंशात तिरका टेकवा. जागेवरच अगदी बारीक हालचाल दहा वेळा करा, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झटका द्या. दोन दात झाले की पुढचे दोन. आडवे खसाखसा घासले तर दाताचा फुगीर भाग तेवढा चमकतो आणि कड तशीच राहते. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरावा लागतो. ही जागा आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू सर्वांत जास्त सुटते, म्हणून सुरुवातच तिथून करा. एकूण दोन मिनिटे, दिवसातून दोनदा. एकच वेळ जमत असेल तर रात्रीची, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. केस फाकले किंवा तीन महिने झाले की ब्रश बदला.

फटींत ब्रश जात नाही, आणि पायरिया बहुधा फटींतच सुरू होतो. फटी घट्ट असतील तर फ्लॉस: साधारण ४५ सेंटिमीटर दोरा दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, करवतीसारखा मागे-पुढे करत फटीत उतरवा (खटकन खाली दाबला तर हिरडी कापते), मग एका दाताला कवेत घेऊन खाली-वर दोन-तीनदा ओढा. नंतर शेजारच्या दाताला. फटी मोठ्या असतील तर फ्लॉसपेक्षा फटींचा छोटा ब्रश चांगले काम करतो. त्याची ०.४ ते ०.८ मिलिमीटर आणि त्याहून मोठी मापे मिळतात. केस दाताला लागतील, पण तार घासणार नाही आणि ढकलावे लागणार नाही, असे माप निवडा. एकाच तोंडात पुढे लहान आणि दाढांना मोठे, अशी दोन मापे लागणे नेहमीचेच आहे.

माडाचा हीर (झावळीच्या पानाची काडी), टाचणी, आगपेटीची काडी फटीत घालू नका. हिराचे टोक हिरडीत मोडून राहते आणि दोन दिवसांत तिथे गळू होते. तारल्यासारख्या किंवा पेडव्यासारख्या माशाचा काटा हिरडीत रुतण्याचा प्रकार तर आपल्याकडे वरचेवर होतो. काटा दिसत असेल तर उकळलेल्या पाण्यातून काढलेल्या चिमट्याने, ज्या दिशेने गेला त्याच्या उलट दिशेने ओढा आणि कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा. दिसत नसेल तर खोदू नका. एकाच दाताजवळ अचानक सूज आली आणि बाकी तोंड ठीक असेल तर काटा अडकला असण्याची शक्यता डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घरातले इतर उपाय

कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरल्याने सूज आणि ठणका जरा उतरतो. तेवढेच. तुरटीने हिरडी आकसते आणि रक्त एक-दोन दिवस थांबते, कीटण मात्र जागच्या जागी राहते. या थांबलेल्या रक्तामुळेच पुढचे सहा महिने वाया जातात. आंब्याच्या पानाने दातांची पुढची बाजू साफ होते, फटी राहतात. राखुंडीने दात झिजतो. दुखऱ्या हिरडीवर फेणी धरून ठेवल्याने किंवा लवंगेचे तेल नुसतेच लावल्याने आतली त्वचा भाजते, पांढरी पडून सोलते. हिरडीला बोटाने मालीश केल्याने पॉकेटच्या तळाचे काहीही हलत नाही.

औषधी माउथवॉश कामाचा आहे, पण थोड्या काळापुरता. क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, १० मिली, एक मिनिट खळखळून थुंकायचे, सकाळ-संध्याकाळ, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर दोन आठवड्यांपर्यंत. पेस्टने घासल्यावर अर्ध्या तासाने घ्या, कारण पेस्टमधल्या फेसाने त्याचा परिणाम घटतो. फार दिवस वापरला तर दात आणि जीभ तपकिरी होतात, चव बदलते. चहा पिणाऱ्यांचे डाग आणखी गडद.

औषधाच्या दुकानातून स्वतःच गोळ्या आणून खाऊ नका. कीटण असताना अँटिबायोटिकने सूज चार दिवस उतरते आणि पुन्हा येते. डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिले असेल तर ते चालू असताना आणि संपल्यावर किमान दोन दिवस दारू घ्यायची नाही. उलट्या, धडधड, चेहरा लाल होणे असा त्रास होऊ शकतो.

डॉक्टरांकडे काय होते, काय मागावे

हिरड्यांची खरी तपासणी नुसते तोंड पाहून होत नाही. खुणा केलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी टेकवून खोली मोजतात. २८ दातांची १६८ मापे होतात. "३-२-३", "५-४-६" असे आकडे डॉक्टर मदतनिसाला सांगतात ते हेच. त्या तक्त्याची प्रत मागून घ्या. हाड किती उरले ते एक्स-रेवर कळते.

पुढचा मार्ग या आकड्यांवर ठरतो. सगळीकडे ३ पर्यंत असेल आणि रक्त येत असेल तर स्केलिंग, म्हणजे कीटण काढणे, आणि घरची सफाई एवढे पुरते. ४-५ किंवा त्याहून जास्त असेल तर हिरडीखालून मुळाची खोल सफाई लागते. ती बधिर करून, बहुधा दोन ते चार भेटींत होते. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजतात. तेव्हाही ६ किंवा अधिक खोल जागा उरल्या आणि रक्त येत असेल तर हिरडी उघडून सफाई करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. खोल सफाईनंतरचे मोजमाप न करताच शस्त्रक्रिया सुचवली तर कारण विचारा. झिजलेल्या जागी घालतात तो हाडाचा भराव सगळीकडे चालत नाही. हाडात खड्डा पडला असेल आणि त्याला बाजूच्या भिंती असतील तिथेच तो टिकतो. दाढेच्या मुळांच्या बेचकीपर्यंत हाड झिजले असेल तर ती जागा साफ ठेवणे कठीण असते, हे आधीच समजून घ्या.

सफाईनंतर एक-दोन दिवस थोडे रक्त आणि एक-दोन आठवडे शिवशिव होते. शिवशिवीसाठी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट मिळते.

आता स्केलिंगबद्दलची भीती. अनेक घरांत सांगतात की स्केलिंग केले की दात हलतात आणि फटी पडतात. असे सांगणाऱ्यांना ते अनुभवानेच दिसलेले असते, म्हणून ते नीट समजून घेणे भाग आहे. हाड आधीच गेलेले असते आणि कीटणाच्या कवचाने शेजारचे दात एकमेकांना जखडलेले असतात. कवच निघाले की आधीचीच हालचाल जाणवते. फटीही तशाच. त्यात कीटण आणि सुजलेली हिरडी भरलेली असते. कीटण निघते, सूज उतरते, फट उघडी पडते. सूज गेल्यावर थोडे सैल झालेले दात काही आठवड्यांत घट्टही होतात. दातावरचे आवरण झिजते ही भीतीही नको: यंत्राचे टोक पाण्याच्या धारेत थरथरते आणि कीटण फोडते, नीट वापरले तर आवरण खरवडत नाही.

जाण्याआधी पाच गोष्टी डॉक्टरांना सांगायच्याच. मधुमेह असेल तर शेवटचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट) दाखवा, नाश्ता आणि औषध घेऊन सकाळी जा, उपाशी जाऊ नका. साखर वाढली की पायरिया जोर धरतो आणि पायरियाने साखर आटोक्यात येणे अवघड होते. हिरड्यांचे उपचार झाल्यावर साखरेत थोडी सुधारणा दिसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर सफाईपूर्वी अँटिबायोटिक लागते. रक्तदाबाची अॅम्लोडिपिनसारखी किंवा फिटची फेनिटॉइन गोळी असेल तर तिने हिरडी दातावर वाढू शकते. गोळी बदलायची की नाही ते ती देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. त्यासाठी बाळंतपणापर्यंत थांबायचे नाही. चौथा ते सहावा महिना सफाईसाठी सोयीचा.

गोव्यात कुठे जावे

बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे आणि तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. सकाळी लवकर पोचून केसपेपर काढा. आधी सामान्य तपासणी होते, मग त्या-त्या विभागात पाठवतात. उपचार शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, त्यामुळे वेळ आणि फेऱ्या जास्त लागतात, पण मोजमाप सविस्तर होते. सत्तरी, सांगे, काणकोणसारख्या लांबच्या तालुक्यांतून येणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत विचारावे की एकूण किती फेऱ्या होतील आणि दोन बाजूंची सफाई एका दिवशी करता येईल का. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत दातांचा विभाग आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात दातांचे डॉक्टर बसत असतील तर वार विचारून जा. साधे स्केलिंग तिथेही होते का, ते आधी खात्री करून घ्या.

काही वेळा वाट पाहायची नसते. गाल किंवा जबड्याखालची सूज पसरते आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, ताप आहे किंवा श्वासाला त्रास होतो आहे, तर १०८ ला फोन करून थेट कॅज्युअल्टीत जा. पावसाळ्यात तापासोबत हिरड्यांतून आपोआप रक्त येऊ लागले आणि अंगावर ठिपके दिसले तर तो पायरिया समजू नका; डेंग्यूत असे होते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासायला हवे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, सुपारी खाणाऱ्याचे तोंड कमी उघडणे, हेही लगेच दाखवावे. दहावी-अकरावीतल्या मुलाच्या पहिल्या दाढा किंवा पटाशीचे दात हलत असतील आणि वर फारसे कीटण नसेल, तर तो झपाट्याने वाढणारा प्रकार असू शकतो. त्याच्या भावंडांनाही तपासून घ्या.

नंतर

पायरिया एकदा झाला की तो आटोक्यात ठेवायचा असतो. पॉकेटमधले जंतू काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पुन्हा जम बसवतात, म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी सफाई आणि मोजमाप. आकडे स्थिर राहिले तर डॉक्टर अंतर चार-सहा महिन्यांवर नेतात. प्रत्येक भेटीला आधीचा तक्ता सोबत न्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहायला सांगा: ज्या जागी ४ चे ६ झाले असेल तिथे त्याच दिवशी खोल सफाई करून घ्या, आणि फटीच्या ब्रशचे माप बदलायचे का तेही तिथेच विचारून घ्या.